कोणते कळंब? : नाव, नोंदवही आणि महानगर

१

पुण्यात किंवा मुंबईत एखाद्याने ‘मी कळंबचा’ असे सांगितले, की समोरून येणारा प्रश्न ठरलेला असतो : कोणते कळंब? प्रश्न रास्तच आहे. धाराशिव जिल्ह्यात कळंब हे तालुक्याचे गाव आहे. एकट्या पुणे जिल्ह्यात आंबेगाव आणि इंदापूर या दोन तालुक्यांत दोन कळंब आहेत. नालासोपाऱ्याजवळ समुद्रकिनारी आणखी एक आहे. कळंब म्हणजे कदंब; जिथे ते झाड ठळकपणे उभे असेल तिथल्या वस्तीला त्याचे नाव पडणे स्वाभाविक होते. गावात राहणाऱ्याला ‘कोणते’ हा प्रश्न कधी पडत नाही, कारण त्याच्यापुरते कळंब एकच असते. गाव सोडून शहरात पाऊल टाकले की मात्र ते अनेकांतले एक होते, आणि त्याला जिल्ह्याचे शेपूट जोडावे लागते : यवतमाळचे कळंब.

यवतमाळ जिल्ह्यातले हे कळंब चक्रावती नदीच्या काठी आहे आणि तिथल्या चिंतामणी गणेशासाठी ते विदर्भात सर्वांना ठाऊक आहे. मंदिर जमिनीच्या पातळीखाली असून पायऱ्या उतरून जावे लागते. आत कुंड आहे. काही वर्षांच्या अंतराने कुंडाचे पाणी वाढत जाऊन मूर्तीच्या पायांना लागते, अशी श्रद्धा आहे. स्थानिक आख्यायिका सांगते की, गौतम ऋषींच्या शापाने विद्रूप झालेल्या इंद्राने या कदंबाच्या स्थानी तप केले, कुंडात स्नान केले आणि आपले मूळ रूप परत मिळवले.

आख्यायिकेच्या सत्यासत्यतेत आम्हाला शिरायचे नाही. आम्हाला त्यातली कल्पना महत्त्वाची वाटते. माणसाला एक मूळ रूप असते, ते काही कारणाने हरवते, योग्य जागी परतून स्नान केले की ते जसेच्या तसे सापडते, ही ती कल्पना. आधुनिक महानगरात हरवलेल्या माणसाविषयी मराठीत जे काही लिहिले गेले, त्यातील बरेचसे याच कल्पनेच्या आधाराने वाचले गेले आहे. गावात ओळख होती, शहराने ती हिरावली, आणि गावाकडे परतणे हा तिच्या शोधाचा मार्ग आहे, असे आपण गृहीत धरतो. ‘महानगरीय जाणीव’, ‘परात्मता’, ‘मुळांचा शोध’ हे समीक्षेतले शब्द वर्गात शिकवताना हे गृहीतक आपल्या नकळत विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचते. ते कितपत खरे आहे, हे येथे थोडे इतिहासात जाऊन तपासावयाचे आहे.

२

वऱ्हाड आणि मुंबई यांच्या संबंधाची सुरुवात माणसांच्या आधी कापसाने केली. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. मुंबईची पहिली कापडगिरणी त्यानंतर लगेच, १८५४ ते १८५६ या काळात उभी राहिली. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) कापसाचे भाव भडकले आणि १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरास पोहोचला. काळ्या जमिनीतला कापूस बैलगाडीतून बाजारात, तिथून जिनिंग-प्रेसिंगमध्ये आणि गाठी होऊन मुंबईच्या बंदरात जाऊ लागला. व्यापाऱ्यांच्या भाषेत वऱ्हाडी कापसाला ‘उमरा’ म्हणत. उमरावती म्हणजे अमरावती, तिच्यावरून हे नाव पडले. कोणत्या शिवारातला, कोणाच्या हातचा, हे गाठ बांधली जाताच पुसले जाई. उरे ते बाजाराने दिलेले नाव आणि प्रत.

पुढे माणसांच्या बाबतीत जे घडले, त्याचे हे पूर्वचित्र मानायला हरकत नाही. खुद्द जिल्ह्यालाही या फेऱ्यातून जावे लागले. इंग्रजी कारभारात त्याचे नाव वणीवरून ‘वून’ होते. १९०५ मध्ये ते यवतमाळ झाले. नाव बदलल्याने जमीन बदलली नाही, पण दप्तरातली जागा बदलली. आधुनिक काळात ओळख ही पुष्कळशी दप्तराची गोष्ट आहे, हे येथेच लक्षात ठेवावे.

गावात माणूस नुसत्या नावाने क्वचितच ओळखला जाई. अमक्याचा मुलगा, तमक्या वाड्यातला, अमुक आळीचा, अमुक कामाचा, अशी त्याची ओळख नात्यांच्या आणि बलुत्याच्या जाळ्यात गुंतलेली असे. ती कोणी लिहून ठेवलेली नसे आणि लिहिण्याची गरजही नसे. शहराला मात्र लिहून घ्यावे लागते. शाळेचे जनरल रजिस्टर, गिरणीचे हजेरीपत्रक, चाळीची भाडेपावती, जनगणनेचे कोष्टक या प्रत्येकाला एका ओळीत बसणारा माणूस हवा असतो : नाव, बापाचे नाव, आडनाव, गाव, जात, वय.

मुंबई ही अशा ओळींची नगरी होती. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जनगणना पाहिल्या, तर शहरातील दर पाच माणसांतील सुमारे चार माणसे शहराबाहेर जन्मलेली दिसतात. बहुतेक गिरणी कामगार कोकणातून आणि घाटावरून आलेले. ते हरवू नयेत याची व्यवस्था त्यांनी स्वतःच केली होती. एका गावच्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेली खोली, गाववाल्या बाईची खानावळ, मुकादमाशी असलेले गावकीचे नाते, गणपती-शिमग्याला गावी जाण्याची रीत यांच्या आधाराने हा कामगार शहरात गाव घेऊन राहिला. १८९६ मध्ये प्लेगची साथ आली तेव्हा लाखो लोकांनी शहर सोडले आणि ते आपापल्या गावी गेले, म्हणजे जायला गाव होते. तेव्हा शहरात पोहोचताक्षणी माणूस चेहरा गमावतो, हे विधान मुंबईच्या इतिहासाला फारसे मानवणारे नाही. चेहरा गमावण्याची जागा दुसरी होती. ती गिरणीच्या दारात होती, जिथे बदली कामगार रोज सकाळी उभा राहून आज आपले नाव पुकारले जाते की नाही याची वाट पाही.

३

नाव पुकारले जाण्याची गोष्ट निघाली की नारायण सुर्वे आठवणे अपरिहार्य आहे. १९२६ च्या सुमारास मुंबईत टाकून दिलेले एक तान्हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला सापडले. त्याने आणि त्याची पत्नी काशीबाई हिने ते वाढवले, शाळेत घातले आणि त्याच्या नावापुढे आपले नाव लावले. काही वर्षांनी गंगाराम निवृत्त होऊन कोकणात परत गेला आणि पोरवयाच्या नारायणाला शहरात एकट्याने जगावे लागले. घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणीतला कामगार, शाळेतला शिपाई आणि शेवटी महापालिकेच्या शाळेत शिक्षक असा तो प्रवास आहे. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा पहिला संग्रह १९६२ चा, ‘माझे विद्यापीठ’ १९६६ चा. १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि १९९८ मध्ये पद्मश्री.

हे चरित्र पाठ्यपुस्तकातून इतक्यांदा गेले आहे की त्यातली विलक्षण गोष्ट आता नजरेत भरत नाही. या माणसाला परत जायला गावच नव्हते. त्याचे मूळ रूप कोणते, जात कोणती, कूळ कोणते, याचे उत्तर कुठल्याही कुंडात नव्हते. गंगाराम कोकणात परतू शकला. नारायण कुठे परतणार? ‘सुर्वे’ हे आडनाव त्याला शहराने दिले. शहराने म्हणजे शहरातल्या एका गरीब माणसाने. मराठी कवितेतली एक ठाम ओळख अशा रीतीने मुळाशिवाय उभी राहिली. तिचा आधार काम, संगत आणि भाषा हा होता.

सुर्व्यांच्या एका प्रसिद्ध कवितेत शरीर विकून जगणारी एक आई मुलाला शाळेत दाखल करायला येते. मास्तर बापाचे नाव विचारतात, आणि ती त्यांनाच आपले नाव लिहायला सांगते. कवितेवर पुष्कळ चर्चा झाली आहे, ती बहुधा करुणेच्या अंगाने. आम्हाला ती नोंदवहीच्या अंगाने वाचावीशी वाटते. वहीत एक रकाना आहे, तो रिकामा ठेवता येत नाही. रकाना भरल्याशिवाय मूल शाळेत असूच शकत नाही. त्या बाईने रकान्याची सक्ती त्याच्या मालकावर उलटवली. एका अर्थी गंगाराम सुर्व्याने वर्षांपूर्वी हेच केले होते. कुणी न सांगता त्याने आपले नाव लिहिले होते.

४

सुर्व्यांच्या पहिल्या संग्रहानंतर वर्षभरात, १९६३ मध्ये, भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर. येथे आडनावातच गाव आहे. सांगवीचा म्हणून सांगवीकर. तो खानदेशातून पुण्यास शिकायला येतो, वसतिगृहात राहतो, मंडळांत आणि मेसच्या कारभारात उत्साहाने पडतो, हळूहळू सगळ्यातून अंग काढून घेतो, धाकट्या बहिणीच्या मृत्यूने हादरतो आणि अखेर शिक्षण अर्धवट टाकून सांगवीला परततो. साठोत्तरी पिढीच्या परात्मतेची कादंबरी म्हणून आपण ती शिकवतो आणि नेमाड्यांनी पुढे मांडलेल्या देशीवादाशी तिचे नाते जोडतो.

‘कोसला’ वाचून वर्गातला विद्यार्थी हमखास म्हणतो की, पांडुरंग शहरात हरवला आणि गावात सापडला. पण कादंबरी तसे म्हणत नाही. सांगवीला परतल्यावर तिथे त्याचे मूळ रूप वाट पाहत बसलेले नसते. तिथे वडिलांचा करडा व्यवहार असतो आणि शहरातून शिकून आलेल्यांची रिकामी बैठक असते. पुण्यात तो ‘खेड्यातला’ होता, सांगवीत तो ‘पुण्याहून आलेला’ होतो. दोन्ही विशेषणे दुसऱ्यांनी दिलेली. आडनावात गाव मिरवणाऱ्या माणसालाही गाव परत मिळत नाही, हे ‘कोसला’चे कठोर निरीक्षण आहे आणि ते तिच्या देशीवादी वाचनात बरेचदा निसटते.

सुर्वे आणि सांगवीकर, एक खरा माणूस आणि एक कल्पित, यांना शेजारी ठेवल्यावर आमच्या मूळ गृहीतकाला पहिला तडा जातो. ज्याच्याकडे गाव नव्हते त्याला शहरात ओळख सापडली. ज्याच्याकडे गाव होते त्याला ते परत जाऊनही सापडले नाही. मग हरवते ते नेमके काय?

५

या प्रश्नाला तिसऱ्या बाजूने भिडल्याशिवाय उत्तर मिळत नाही. ती बाजू आहे, ज्यांना गावातली ओळख कधी हवीच नव्हती त्यांची.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शासकीय शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले : भिवा रामजी आंबेडकर. या आडनावाच्या मुळाशीही गाव आहे, रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. आडनाव गावाचे असूनही गावाविषयी या माणसाच्या मनात कोणता भाव होता, हे त्यांनी स्वतः ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत निःसंदिग्धपणे सांगितले. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि जातीयतेचे आगर, अशा आशयाची त्यांची मांडणी होती, आणि घटनेचा घटक खेडे नसून व्यक्ती आहे याचे त्यांनी स्वागत केले. अस्पृश्याला गावात ओळख होतीच. प्रत्येकजण त्याला ओळखत होता, आणि हेच त्याचे दुःख होते. त्याला हवे होते ते न ओळखले जाण्याचे स्वातंत्र्य, जे फक्त शहर देऊ शकत होते.

शहराने ते पूर्णपणे दिले, असेही नाही. मुंबईच्या गिरण्यांत साळखात्यात, म्हणजे विणकामात, पगार चांगला होता. पण तिथे अस्पृश्यांना शिरकाव नव्हता. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ वाटे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. म्हणजे गाववाल्यांच्या ज्या जाळ्याने कोकणातल्या कामगाराला शहरात हरवू दिले नाही, त्याच जाळ्याने गावची शिवही शहरात आणली. आपण ज्याला ‘ओळख टिकवणे’ म्हणतो, ते दुसऱ्या कुणासाठी ‘ओळख लादणे’ असू शकते.

दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. त्याची रचनाच दोन नावांवर उभी आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकतो. दगडू हे गावाने ठेवलेले नाव. शूद्राचे नाव तुच्छता दर्शवणारे असावे असा दंडक मनुस्मृतीत आहे, आणि दगडू, धोंडू, कचरू या नावांमागे त्या दंडकाची सावली आहे. दया हे शहरात, शिक्षणात, साहित्यात मिळवलेले नाव. सोपी गोष्ट अशी झाली असती की दगडू गेला आणि दया आला. पवार ती सोपी गोष्ट सांगत नाहीत. कावाखान्याच्या वस्तीतून, कचेरीच्या टेबलावरून, साहित्यिकांच्या बैठकीतून दया पवार जेव्हा जेव्हा स्वस्थ होऊ पाहतो, तेव्हा दगडू बोलायला लागतो. आणि आपली सगळी लाज, सगळे अपराध, सगळा संताप सांगण्याचा अधिकार दगडू स्वतःकडे घेतो. तुच्छतेने ठेवलेले नाव त्याने निवेदकाचे नाव केले. नाव तेच आहे. ते उच्चारणारा बदलला.

हरवते ते काय, या प्रश्नाचे आमचे उत्तर येथे तयार होते. ओळख ही वस्तू नव्हे की ती गावात ठेवली होती आणि शहराच्या गर्दीत खिशातून पडली. गावातही ती दुसऱ्यांच्या तोंडी होती, शहरात ती दुसऱ्यांच्या वहीत गेली. माणूस हरवतो तो आपल्याविषयी बोलण्याचा अधिकार दुसऱ्याकडे गेल्यावर, मग ते दुसरे गाव असो वा शहर. आणि तो सापडतो, तेव्हा तो अधिकार थोडाफार त्याच्या हातात आलेला असतो.

६

आता पुन्हा यवतमाळच्या कळंबकडे येऊ, कारण हे उत्तर केवळ साहित्यकृतींच्या वाचनातून काढले असे कुणी म्हणू नये.

वऱ्हाडातून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्यात आलेली मुले-मुली पहिल्या काही महिन्यांत एक गोष्ट शिकतात. ‘मले’चे ‘मला’ होते, ‘कायले’चे ‘कशाला’ होते, ‘करून राह्यलो’चे ‘करतोय’ होते. कुणी शिकवत नाही. वर्गात किंवा कचेरीत एकदा हशा पिकला की पुरे असते. सुट्टीत गावी फोन लावला की तीच जीभ पुन्हा वऱ्हाडी वळण घेते. हे सर्वांच्या परिचयाचे आहे आणि म्हणूनच त्याला नुकसान म्हणण्याचे आपल्याला सुचत नाही. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) कौतिकच्या तोंडी जी वऱ्हाडी बोली आहे, ती आपण वाङ्मयीन गुण म्हणून परीक्षेत विचारतो. त्याच बोलीत वर्गात उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र आपण ‘शुद्ध’ बोलायला सांगतो. आम्ही शिक्षकांनी या बाबतीत स्वतःकडे पाहिलेले बरे.

बोलीपेक्षाही जड असे एक विशेषण गेल्या काही दशकांत या जिल्ह्याला चिकटले. जुलै २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी मदतयोजना जाहीर केली. त्यात यवतमाळ होते. तेव्हापासून ‘आत्महत्याग्रस्त जिल्हा’ हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांतून रुळला. ‘कोणते कळंब?’ या प्रश्नाला ‘यवतमाळचे’ असे उत्तर दिले की समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटते ती ओळख याच शब्दाची असते. तिथला कापूस, तिथली तूर, तिथली भाषा, तिथला चिंतामणी सगळे मागे पडते. गाठीवर मारलेल्या ‘उमरा’ या शिक्क्यासारखा हा दुसरा शिक्का.

शिक्क्याच्या आत आणखी एक वही आहे. शेतकऱ्याने आत्महत्या केली की त्याच्या कुटुंबाला सरकारी मदत द्यायची की नाही हे ठरवण्यासाठी चौकशी होते. जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोठून घेतलेले, परतफेडीचा तगादा होता का, असे प्रश्न असतात आणि अखेर प्रकरणासमोर ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा पडतो. आयुष्यभर नांगर धरलेला माणूस शेतकरी होता की नाही, हे त्याच्या मृत्यूनंतर सात-बाऱ्यावरून ठरते. आणि त्याच्याबरोबर राबलेली बाई? सात-बाऱ्यावर तिचे नाव बहुधा नसतेच. ती शेतकरी नव्हती. ती आता शेतकऱ्याची विधवा असते. शाळेच्या वहीतला बापाच्या नावाचा रकाना आणि ही वही यांत फारसे अंतर नाही.

जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळ येथे भरले. अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले, त्यावरून मोठा वाद झाला, अनेक साहित्यिकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. अखेर ११ जानेवारी रोजी उद्घाटन झाले ते वैशाली येडे यांच्या हस्ते. त्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या. त्यांच्या शेतकरी पतीने आत्महत्या केली होती.

त्या दिवसाविषयी दोन मते झाली. एक असे की, मराठी साहित्याच्या व्यासपीठावर एका कष्टकरी स्त्रीला हा मान मिळाला हे ऐतिहासिक झाले. दुसरे असे की, ओढवलेल्या नामुष्कीवर पांघरूण घालण्यासाठी आयोजकांनी एका दुःखाचा उपयोग करून घेतला. दोन्ही मतांत तथ्य आहे. पण दोन्ही मते मांडणारे प्रामुख्याने आयोजकांविषयीच बोलत होते. व्यासपीठावरच्या बाईची ओळख दोन्हींकडे एकच होती : शेतकरी-विधवा. ती एक तर मान मिळण्याची पात्रता होती, नाही तर वापर होण्याचे कारण.

वैशाली येडे यांनी त्या व्यासपीठाच्या आधीही एक रंगमंच पाहिला होता, ही गोष्ट या वादात झाकोळली. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’ या नाटकात त्यांनी काम केले होते. तेरवं म्हणजे तेरावे, मृत्यूनंतरच्या तेराव्या दिवसाचा विधी. शब्द वऱ्हाडी उच्चाराचा, तो तसाच ठेवलेला. नाटकाचे वैशिष्ट्य असे की आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नीच त्यात रंगमंचावर उभ्या राहिल्या. वहीत ज्यांच्या नावापुढे एक शब्द लिहिला गेला होता, त्या बायका दिव्यांच्या उजेडात येऊन, शहरी प्रेक्षकांसमोर, आपल्या बोलीत बोलल्या. तेरवं हा मेलेल्याला निरोप देण्याचा विधी आहे. येथे तो मागे राहिलेल्यांनी बोलायला लागण्याचा प्रसंग झाला. ‘बलुतं’मध्ये दगडूने जे केले, त्याचे हे नात्यातले रूप आहे. लादलेला शब्द नाकारून नव्हे, तो स्वतःच्या आवाजात उच्चारून त्यांनी त्याचा ताबा घेतला.

त्याच वर्षी वैशाली येडे यवतमाळ-वाशीम मतदारसंघातून लोकसभेची निवडणूकही लढल्या. त्या निवडून आल्या नाहीत. पण निवडणुकीच्या अर्जावर उमेदवाराचे नाव असते, आणि तो अर्ज उमेदवाराने स्वतः सही करून द्यावा लागतो. नोंदवह्यांच्या या इतिहासात ही बारीकशी गोष्ट आम्हाला नमूद करावीशी वाटते.

७

या सगळ्यातून शहराची बाजू घेण्याचा आमचा हेतू नाही, किंवा गावाची निंदा करण्याचाही नाही. बदली कामगाराला दारात उभे करणारे शहर आणि दगडूला दगडू म्हणणारे गाव, दोन्ही एकाच इतिहासात आहेत. सांगायचे ते इतकेच की, मराठीतल्या महानगरीय साहित्याकडे ‘हरवणे’ आणि ‘परतणे’ या जोडीतून पाहणे आता थांबवावे. त्या जोडीत सुर्वे बसत नाहीत, दगडू बसत नाही, राजूरहून आलेली बाई बसत नाही, आणि नीट पाहिले तर पांडुरंग सांगवीकरही बसत नाही. त्यापेक्षा प्रत्येक कृतीला असा प्रश्न विचारावा : येथे माणसाचे नाव कोण घेतो, कोण लिहितो, आणि त्याला स्वतःला ते घेण्याची संधी कधी मिळते? विद्यार्थ्यांनी हा प्रश्न घेऊन पुस्तके उघडली तर पुष्कळ जुनी उत्तरे हलतील.

वह्याही अगदी अचल नसतात. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शासकीय कागदपत्रांत वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिणे बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. सुर्व्यांच्या कवितेतली आई शाळेच्या टेबलासमोर उभी राहून गेली, त्याला तेव्हा कित्येक वर्षे लोटली होती. रकाना बदलला म्हणून बाईचे जिणे बदलले असे नाही. तरी रकाने बदलता येतात, एवढे त्यातून सिद्ध होते.

त्याच्या थोडे आधी, २८ फेब्रुवारी २०२४ रोजी, वर्धा–यवतमाळ–नांदेड या लोहमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा सुरू झाला. ज्या मुलखातून कापूस दीडशे वर्षांपूर्वी आगगाडीने मुंबईला जाऊ लागला, त्यातल्या या गावाला स्वतःची गाडी एवढ्या काळाने मिळाली. आता माणसे अधिक सहज जातील. वर्धा, नागपूर, पुणे, मुंबई. स्थानकावरच्या पाटीत गावाचे नाव रोमन लिपीत लिहिताना एक अडचण येतेच : तिथे ‘ळ’साठी वेगळे अक्षर नाही. प्रवासाच्या पहिल्याच पायरीवर नावातले एक अक्षर असे मागे राहते.

गाडीतून उतरणाऱ्याला शहर विचारणारच : कोणते कळंब? या प्रश्नापासून सुटका नाही आणि त्यात काही वाईटही नाही. जिल्ह्याचे नाव सांगून गप्प बसायचे, समोरच्याने त्याला हवे ते विशेषण त्यापुढे जोडू द्यायचे, की पुढचे वाक्य आपण, ‘ळ’ नीट उच्चारून, वऱ्हाडीत बोलायचे, एवढी निवड मात्र उतरणाऱ्याच्या हातात असते. इंद्राला त्याचे रूप कुंडात परत मिळाले, असे आख्यायिका सांगते. माणसांना ते बहुधा अशा एखाद्या वाक्यातच मिळते.